आमच्या नळाचं पाणी

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल मी आजवर कुणाशीही बोललेले नाही. आईशी नाही, मैत्रिणीशी नाही, प्रयोगशाळेतल्या साहेबांशी तर नाहीच. नळाबद्दल काय बोलायचं असतं — असं तुम्हाला वाटेल. सात वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले. तो एक नळ आहे, पितळेचा, नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरातला, ओट्याच्या डाव्या बाजूचा. वायसर झिजला की ठिबकतो. एवढंच.

एवढंच नाही. पण मला एकदम सांगता येणार नाही. थोडं मागून यावं लागेल.

मी लाजाळू आहे, हे आधी सांगते. सबब म्हणून नाही, ते पुढे तुमच्या लक्षात येईलच. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे मधल्या सुट्टीतही मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी आईबाबांशी मी मराठीच बोलायचे, पण ती घरातली मराठी, चार खोल्यांतली. बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून पुस्तकातली वाक्यं यायची. दुकानदार हसायचे. मग मी बोलणंच कमी केलं. बघायचे मात्र सगळं. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण माझ्याकडे बघतंय — विशेषतः हे शेवटचं.

बी.एस्सी. झाल्यावर मला सीताबर्डीजवळच्या एका छोट्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे पाणी तपासायचे. शहरातल्या विहिरी, हातपंप, सार्वजनिक नळ. मला वाटलं, बरं झालं, काचेच्या नळ्यांशी बोलावं लागत नाही.

पण नमुने आणायलाही जावं लागायचं.

नमुना घेण्याची एक पद्धत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाटली आदल्या दिवशी उकळत्या वाफेत निर्जंतुक करतात, तिच्या बुचावर कागद बांधतात. बाटली ओली झाली की कागदावर शाई पसरते, म्हणून चिठ्ठी आधीच लिहून डकवायची असा आमच्याकडे नियम होता. म्हणजे बाटलीत पाण्याचा थेंब पडायच्या आधीच तिच्यावर विहिरीचं नाव असायचं. नेहमी दोन बाटल्या न्यायच्या, एक जादा. विहिरीचं पाणी घ्यायचं तर बाटलीला दोरी आणि दगड बांधून ती अलगद खाली सोडायची. नळाचं घ्यायचं तर नळाच्या तोंडाला स्पिरिटचा पेटता बोळा धरायचा, मग दोनतीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग भरायचं. आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी परत आणायचं.

विहिरीत बाटली सोडायचं काम आमचे शिपाईकाका करायचे. मी वहीत लिहायचे. त्या मार्च महिन्यात काका मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले, आणि साहेब म्हणाले, "एकाच विहिरीचा नमुना आहे, तुम्हीच जाऊन या."

कामठी रस्त्याच्या बाजूची ती विणकरांची वस्ती होती. नाव लिहीत नाही. घराला घर चिकटलेलं, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि प्रत्येक दारातून मागाचा खटखट आवाज. वस्तीच्या वरच्या अंगाला नवे सार्वजनिक संडास बांधले होते. तेव्हापासून विहिरीच्या पाण्याला वास येतो, असा वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला होता. विहिरीचं पाणी त्यांनी पिणं बंद केलं होतं. ते आता धुण्याला आणि सुताला कांजी द्यायला वापरत. प्यायचं पाणी बायका मोठा रस्ता ओलांडून, ट्रकांमधून वाट काढत, पलीकडच्या नळावरून आणत. अर्जात शेवटी लिहिलं होतं — तपासून काय ते लवकर कळवावे.

काय ते लवकर कळवावे. हे चार शब्द मला पाठ आहेत.

मी पोचले तेव्हा विहिरीवर दहाबारा बायका होत्या. मी फिकट गुलाबी सुती साडी नेसले होते, पिशवी छातीशी धरली होती. मी म्हणाले, "कृपया थोडं बाजूला व्हाल का?"

मग एक पन्नाशीची, काटक, कपाळभर कुंकू लावलेली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कृपया म्हंते वं! सरका वं, कृपया सरका!"

हशा पिकला. ही गिरजाबाई. अर्ज करायला पुरुषांच्या मागे लागलेली हीच, हे मला नंतर कळलं. मी बाटलीला दोरी बांधायला लागले. माझे हात थरथरत होते. आणि त्या बोलतच होत्या — "मासोळ्या धरून राहिली काय वं मडम?" "गळ तं लावला नाही!" "काहून छळता वं पोरीले, रडन ते." हे शेवटचं बोलणारी एक तरुण बाई होती, पोटाशी. गिरजाबाईची सून, कमल. माझ्याच वयाची. ती हसत होती, पण तोंडावर पदर धरून, मला दिसू नये म्हणून.

गाठ नीट बसली नव्हती. बाटली अर्ध्यात विहिरीच्या भिंतीवर आपटली आणि फुटली. काचा पाण्यात पडल्याचा आवाज खालून आला — बारीक, टपटप असा.

"घ्या! वास होता, आता काच बी आली," गिरजाबाई म्हणाली.

मी म्हणाले, "कृपया क्षमा करा." मला दुसरं वाक्यच सुचलं नाही. आणि मग जे हसणं झालं — तुम्ही कधी दहाबारा बायकांना एकदम, पोट धरून हसताना ऐकलं आहे? त्यात वाईट काही नव्हतं. आज मला ते ठाऊक आहे. दिवसभर राबणाऱ्या बायकांना सकाळी एक गंमत मिळाली होती. मागे सरताना माझा धक्का एका बादलीला लागला, ती कलंडली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. मागून कमलचा आवाज आला, "ओ मडम, थांबा ना, आमी काढून देतो पानी!"

ती काढून देत होती. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकलेले नाही.

मी थांबले नाही.

अशा साडीत प्रयोगशाळेत कशी जाणार? म्हणून बसने आधी घरी आले. आईने पान वाढलं. मी साडी बदलली. पिशवीत दुसरी बाटली होती — जादा, कोरडी, निर्जंतुक, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात त्या विहिरीचं नाव. परत जायला वेळ होता. दुपारचे साडेबारा वाजले होते. दोन बस बदलून मी दोनच्या आत पुन्हा विहिरीवर पोचले असते. मी घड्याळ पाहिलं, हिशोब केला, आणि मला त्या हसण्याचा आवाज ऐकू आला.

मग मी स्पिरिटचा बोळा पेटवला आणि आमच्या नळाच्या तोंडाला धरला.

आई म्हणाली, "अगं, नळाला ओवाळतेस की काय?"

मी म्हणाले, "ऑफिसचं काम आहे." आई ऑफिसच्या कामापुढे काही बोलत नसे. मी दोन मिनिटं पाणी सोडून ठेवलं. आमच्याकडे तेव्हा भर दुपारीही नळाला पाणी असायचं. बाटली भरली, वर बोटभर जागा सोडली, बूच लावलं, कागद बांधला. सगळं पद्धतीप्रमाणे. मला आजही धक्का बसतो तो याचाच. मी घाईत नव्हते. माझे हात थरथरत नव्हते. विहिरीवर जे मला जमलं नाही, ते स्वयंपाकघरात मी किती नीट केलं!

तुम्ही म्हणाल, एका क्षणाची चूक. तसं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

पाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी काचेच्या नळ्यांमध्ये एक जांभळा द्रव असतो. त्यात पाणी घालून नळ्या उबेत ठेवतात. पाण्यात मैला मिसळलेला असेल तर जांभळा रंग पिवळा होतो. त्याला दोन दिवस लागतात. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी काका रजेवरून परत आले, लग्नाचे लाडू घेऊन. मी त्यांना सांगू शकले असते — काका, बाटली फुटली हो, तुम्ही जाऊन या. काका गेले असते. एक शब्द न विचारता गेले असते. मी लाडू खाल्ला.

नळ्या जांभळ्याच राहिल्या. राहणारच. मी स्वतः बघितल्या, स्वतः वहीत लिहिलं. साहेब जरा थबकले. "उघड्या विहिरीचं पाणी इतकं स्वच्छ?" म्हणाले. मी खाली बघत उभी राहिले. मी नेहमीच खाली बघत उभी राहायची, त्यामुळे त्यांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. "वास पडलेल्या पाल्याचा असेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

इथे मी थांबले असते, तरी कुणाला कळलं नसतं. पण आणखी एक आहे. मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे मलाही कळतंय.

चांगल्या ठरलेल्या विहिरीच्या कठड्यावर तेव्हा पांढऱ्या रंगात तसं लिहीत असत. आठवड्याने रंगारी निघाला. वस्तीत दोन विहिरी होत्या, दुसरी खाऱ्या पाण्याची; तपासलेली कुठली ते दाखवायला साहेबांनी मला बरोबर पाठवलं. मला वाटलं होतं, पुन्हा हसतील. "कृपयाबाई आली वं!" अशी गिरजाबाईने हाळी दिलीच. पण सगळ्या जमल्या त्या आनंदाने. रंगाऱ्याने ब्रश चालवला. अक्षरं पुरी झाल्यावर गिरजाबाईने कमलला पुढे ढकललं. "वाच वं. आमची सून शिकेल हाय, मडम. चौथी पास."

कमलने एकेका अक्षरावर बोट धरून वाचलं. पि-ण्या-स यो-ग्य. रंग ओला होता, तिच्या बोटाला पांढरं लागलं. तिला पाचवा महिना होता. आता तिला घागर घेऊन मोठा रस्ता ओलांडावा लागणार नव्हता. ती सारखी हसत होती, आणि या वेळी पदर तोंडावर नव्हता.

मग तिने पाणी शेंदलं. आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायची रीत आहे ना? वाटीत गुळाचा खडा, आणि घासून लखलखीत केलेल्या तांब्यात पाणी. त्या विहिरीचं. तिने ते माझ्यापुढे धरलं.

मी गूळ घेतला. पाणी घेतलं नाही. म्हणाले, "आज माझा उपास आहे."

"पान्याचा बी उपास रायते काय वं?" गिरजाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले — पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर हसले. कमल म्हणाली, "राहू द्या ना, आत्याबाई. मडमच्या घरची रीत असन." आणि भरलेला तांब्या वाया जाऊ नये म्हणून तिने तो वर धरला, मान मागे टाकली आणि गटगट प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली जाताना दिसत होता. एक, आणि एक, आणि आणखी एक.

आता कळलं ना, मला काय सांगायचं होतं? बाटली बदलली ती लाजेने, असं म्हणता येईल. मी स्वतः कितीदा म्हटलंय. पण तो तांब्या मी घेतला नाही, तो का? मला ठाऊक होतं म्हणून. माझ्या हाताला ठाऊक होतं. स्वतःसाठी मला एक घोटसुद्धा नको होता. आणि ती प्यायली तेव्हा मी तोंडातला गूळ चघळत उभी होते.

मे महिन्यात वस्तीतून दुसरा अर्ज आला. घरोघरी कावीळ होती. साहेब जातीने निघाले, मला आणि काकांना घेऊन. वस्तीत शिरताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की खटखट कमी झाली होती. बरेच माग बंद होते. दारादारांत बाजेवर माणसं पडलेली, डोळे पिवळे. आमच्या नळ्यांतला तो पिवळा.

मी विहिरीवर कमलला शोधत होते. कठड्यावरची अक्षरं तशीच होती, पांढरी, ठसठशीत.

गिरजाबाई आपल्या दारात बसली होती. पुढ्यात कांजीचं घमेलं, त्यात सुताच्या लडी बुडवून पिळत होती. तिने मला ओळखलं, पण कृपयाबाई म्हणाली नाही. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "गेली वं आमची कमल. दहा रोज झाले. पोटातलं बी गेलं. सातवा लागला होता."

मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. आता ही वाचेल. पण गिरजाबाईला वाचता येत नव्हतं — तिने पुन्हा लड बुडवली.

साहेब पलीकडे पुरुषांशी बोलत होते. मला ऐकू येत होतं. ते सांगत होते, मार्चमध्ये पाणी स्वच्छ होतं, आमच्याकडे नोंद आहे. संडासांचं टाकं नंतर फुटलं असणार. लोक माना डोलावत होते. नोंद आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? माझ्या खोट्यावर आता सगळ्यांचा विचार उभा होता. काकांनी विहिरीत बाटली सोडली. कमलच्या पहिल्या घोटानंतर दोन महिन्यांनी त्या विहिरीचा पहिला नमुना निघत होता.

गिरजाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "तिले वास येत होता, मडम. म्हने, आत्याबाई, मी नळावरचंच आनतो. मीच म्हनलं, काहून मरते तिकडं, लिवलं हाय ना, सरकारनं तपासलं हाय. पे." मग तिने हातातली लड खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी तं होत्या. तवा पानी चांगलं होतं ना वं, मडम? खरं सांगा."

तिने मला खरं विचारलं होतं. इतक्या सरळ मला कुणीच कधी काही विचारलं नव्हतं. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं.

मी म्हणाले, "हो. चांगलं होतं."

तिला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणाले, असं मी पुष्कळ दिवस मानलं. सुनेला आपण हाताने विष पाजलं नाही, एवढं तरी त्या बाईला वाटावं. पण ते खरं नाही. तो विचार मला बसमध्ये सुचला, परत येताना. दारात उभी असताना मला फक्त एवढंच कळत होतं, की तिने हे मोठ्याने विचारू नये, साहेबांना ऐकू जाऊ नये.

गिरजाबाईचे खांदे सैल पडले. "मंग झालं," ती म्हणाली. तिने उठून माझ्या केसांवरून हात फिरवला. "रडू नको वं. तू काय करनार." तोपर्यंत मी रडते आहे हे मला माहीत नव्हतं.

नव्या नमुन्याच्या नळ्या दुसऱ्या सकाळीच पिवळ्या झाल्या. विहीर बंद झाली, कठड्यावर लाल रंग आला. वहीत मार्चची नोंद होती म्हणून ऑफिसवर बालंट आलं नाही, असं म्हणून साहेबांनी मला शाबासकी दिली. ती नोंद अजून तिथे आहे. मीही तिथेच काम करते.

वस्तीतून परतले त्या संध्याकाळी, घरी पोचले तेव्हा केसांना लागलेली कांजी वाळून कडक झाली होती. आईने विचारलं, "हे काय लावून घेतलंस?" मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, तांब्या भरला आणि उभ्यानेच प्यायले.

पाणी चांगलं होतं.